पनवेलचा शमाश

पनवेल, जिल्हा कुलाबा
२६ फेब्रुवारी १९६१

रा. रा. नाथनदादा आणि सोफीवहिनी यांस निसीमचा शालोम.

तुम्ही इथून निघालात त्याला येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. निघताना 'दोन वर्षांत परत' म्हणाला होतात. आठवण करून देतो असं समजू नका, आठवण तुम्हांला असेलच.

परवा खानेसुमारीवाले आले होते. म्हणजे आपले शाळेतले महादेव गुरुजीच. पण हातात सरकारी कागद आला की ओळखीचा माणूसही परका होतो. मला विचारतात, "नाव?" तीस वर्षं रोज नमस्कार करणारा माणूस! सांगितलं. "धंदा?" म्हटलं, "शमाश." त्यांना कळेना. मी म्हटलं, "आमच्या मशिदीत हज्जान प्रार्थना चालवतात. मी त्यांच्या हाताखाली असतो. दिवे लावतो, पुस्तकं मांडतो, घरोघर जाऊन माणसं गोळा करतो." "मग शिपाई लिहू?" म्हटलं, शिपायाला पट्टा असतो, मला कुठे आहे? "गडी?" गड्याला मालक लागतो. "मशीद म्हणालात, तर मुजावर लिहितो." म्हटलं, गुरुजी, ती मुसलमानांची नव्हे, आम्हा इस्राएली लोकांची. मुजावर लिहिलंत तर दोन्हीकडचे लोक तुमच्या घरी येतील. शेवटी दमून म्हणाले, "मदतनीस लिहितो. कोणाचे मदतनीस?" "हज्जान नाथन यांचा." "ते कुठे असतात?" "इस्राएलात." गुरुजींनी चष्मा काढला आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "मग सध्या तुम्ही मदत कोणाला करता?"

 कामोठ्याची भामा ओटीवर सुकटीची पाटी घेऊन बसली होती. तीच म्हणाली, "लिवा ना गुरुजी, हज्जानाचा उजवा हात हाय तो." गुरुजी हसले आणि मदतनीस लिहून निघून गेले. भामाचं मात्र मला पटलं. उजवा हात पनवेलला राहिला आणि बाकीचे हज्जान आगबोटीत बसून गेले.

हेप्झिबा वारली आणि माझा संसार संपला, तेव्हापासून घरात मी एकटाच, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण मशीद भरलेली होती तोवर ते कळत नव्हतं. आता शनिवारी प्रार्थनेला पुरे दहा पुरुष जमवायचे म्हणजे माझी दमछाक होते. दहा झाल्याशिवाय काही चालू करता येत नाही आणि दहा झाले तरी चौथऱ्यावर कोणी उभं राहायला नाही. आपल्या मशिदीचे मुकादम विचारतात, नाथन येणार की आम्ही दुसरा बघू? मी सांगतो, येणार. नक्की केव्हा ते कळवा.

तुमचा
निसीम


बेर्शेबा
१६ एप्रिल १९६१

प्रिय निसीम,
शालोम.

पत्र मिळालं. गुरुजींना काय लिहायचं ते लिहू दे. तुला बोलायला माणूस मिळाला की तू सोडत नाहीस.

आमचं बरं आहे. सोफीला इथली कोरडी हवा मानवत नाही, पण तक्रार करत नाही. दिवसा मी सूतगिरणीत जातो. मशीद मोठी आहे, विजेचे दिवे आहेत, बाकं नवी आहेत. प्रार्थनेच्या चाली आपल्यासारख्या नाहीत. मी चौथऱ्याच्या जवळच असतो. सगळे मान देतात.

मुकादमांना सांग, घाई करू नका. पुढल्या वर्षी मी येतो. आणि एक लक्षात ठेव. माझ्या बापानं आणि आजानं त्या चौथऱ्यावर प्रार्थना म्हटली आहे. माझ्या जागी दुसरा कोणी उभा राहिला असं पत्र मला पाठवू नकोस. मला ते वाचवणार नाही.

जाता जाता एक विचारतो. मखमली पडद्यावर तेलाचा डाग पडला तर तू काय करायचास? इथल्या शमाशाला काही येत नाही. आपल्याकडचाच एक म्हातारा आहे. परवा त्याने पडद्यावर तेल सांडलं आणि हज्जानाची बोलणी खाल्ली. आणि अखंड दिव्याची काच काळी होऊ नये म्हणून काय करावं?

नाथन


पनवेल
२१ मे १९६१

रा. रा. नाथनदादा यांस शालोम.

डागावर संगजिऱ्याची पूड दाबून ठेवायची. रात्रभर राहू द्यायची, सकाळी मऊ ब्रशानं एकाच दिशेनं झाडायची. पाणी लावायचं नाही! पाणी लावलंत की डाग जन्माचा. काच काळी होते ती वात मोठी ठेवल्यानं. वात नखाएवढीच वर हवी. त्या म्हाताऱ्याला सांगा, हे काम घाईनं करणाऱ्याचं नव्हे.

आपल्याकडचा म्हणजे कुठला हो? पेणचा की रोह्याचा? त्याच्या घराण्यात कोणी शमाश होता का? मला तर तो अगदीच बिनकामाचा दिसतो. दादा, तुम्ही मात्र त्याला चारचौघांत बोलू नका. तुम्ही मला एकदा बोलला होतात, पुस्तकाची पानं चुकीची उघडून ठेवली म्हणून, सगळ्या मंडळीसमोर. पंधरा वर्षं झाली असतील. तुम्हांला आठवत नसेल.

इथे उकाडा फार आहे. तळ्याचं पाणी तळाला गेलं. शनिवारी आपण विस्तव पेटवत नाही म्हणून भामा येऊन चूल पेटवून देते, चहा ठेवते आणि मिठागरावर कामाला जाते. परवा मी तिला म्हटलं, माझ्या घरची ही शनिवारची कामं तू इतकी वर्षं करतेस, तुला काय म्हणायचं ग? ती म्हणाली, "भामा म्हना की. दुसरं काय म्हनायचं?" मग चुलीत फुंकर घालताना म्हणते, "बाबा, तुमी रोज पोष्टात जाताव. तो आता नाय येनार." मी रागावलो. चहा तसाच ठेवला. नंतर थंडच प्यायलो.

तुमचं पुढलं वर्ष म्हणजे कोणता महिना?

निसीम


बेर्शेबा
१३ ऑगस्ट १९६१

प्रिय निसीम,

संगजिऱ्यानं डाग गेला. तो म्हातारा तुझं नाव घेतो.

त्याच्या घराण्यात शमाश कोणी नव्हता. सगळे हज्जान होते.

सोफी महिनाभर इस्पितळात होती. आता घरी आहे. तिकिटाचं तिच्या प्रकृतीवर अवलंबून आहे, म्हणून महिना सांगत नाही.

दारफाळणीचा सण जवळ आला. तू चोवीस वर्षं उपासाच्या त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी उभा राहायचास. पाय दुखत नव्हते का? या म्हाताऱ्याचे घोटे सुजतात. आणि माझा घसा सुकला, मला ग्लानी आली, हे तुला कसं कळायचं? मी काही बोलायच्या आधी तू सब्जाची काडी वास घ्यायला हातात द्यायचास. मी कधी मागितली नाही. म्हाताऱ्याला हे जमत नाही. तो देतो तेव्हा हज्जानाला नको असते.

यंदा मुंबईहून कोणी हज्जान बोलवा. परका माणूस एक दिवस येऊन गेला तर चालेल. परक्याचं मला काही वाटत नाही.

नाथन


पनवेल
२२ सप्टेंबर १९६१

रा. रा. नाथनदादा यांस शालोम.

सण पार पडला. पांढरे कपडे घालून मंडळी आली, दहा पुरे झाले, त्यांतले दोन मुंबईहून आलेले. तुम्ही म्हणालात तसे हज्जानही मुंबईचेच होते. चांगले होते. आवाज तुमच्यासारखा नाही, पण सगळं पाठ होतं.

एक गंमत सांगतो. दुपारच्या प्रार्थनेत तुम्ही ज्या ओळीनंतर थांबून दोनदा खाकरता, तिथेच हे हज्जान दोनदा खाकरले. घसा साफ होता, तरी खाकरले. त्याच्या पुढची अर्धी ओळ तुम्ही नेहमी गाळता, तीही त्यांनी गाळली. मुंबईचे पाहुणे पुस्तकात बोट ठेवून शोधत राहिले. आणि तिसऱ्या प्रहरी, जिथे मी तुम्हांला सब्जाची काडी देत असे, तिथे त्या गृहस्थांनी म्हणता म्हणता उजवा हात बाजूला केला. शेजारी कोणी नव्हतं. हात तसाच राहिला. मंडळी बघत होती. मग त्यांनी हात मागे घेतला आणि पुढे म्हणायला लागले. त्यांना त्या वेळी फार एकटं वाटलं असावं, असा माझा अंदाज.

पायांचं विचारलंत. दुखायचे. लांब प्रार्थनेत मी मागच्या कठड्याला पाठ टेकायचो. हज्जानाचं तोंड समोर असतं, त्याला दिसत नाही. म्हाताऱ्याला सांगा, मोठ्या मापाचे जोडे घालावेत आणि संध्याकाळी मिठाच्या पाण्यात पाय ठेवावेत. आणि सब्जाचं म्हणाल तर ते सांगून येत नाही. हज्जानाच्या मानेकडे बघावं. मान जराशी आत गेली की द्यावी.

वहिनींना जपा.

निसीम


बेर्शेबा
११ मार्च १९६२

निसीम,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

तुझ्या मुंबईच्या हज्जानाचं नाव तू लिहिलं नाहीस. मी वाट पाहिली, पुढल्या पत्रात लिहील म्हणून. पुढलं पत्र आलं नाही, माझंही गेलं नाही. निसीम, मुंबईचा कुठला माणूस माझ्यासारखा खाकरेल? ती अर्धी ओळ माझा बाप गाळायचा, म्हणून मी गाळतो. पुस्तक वाचून शिकलेला कोणी ती गाळणार नाही. ती फक्त माझ्या शेजारी उभं राहून कानांनी शिकलेलाच गाळील. तू माझ्या जागी उभा राहिलास आणि मला खोटं लिहिलंस.

पत्र वाचून मला राग आला. मी सोफीला म्हटलं, चोवीस वर्षं दिवे लावले आणि आता चौथऱ्यावर चढला! सोफी अंथरुणात होती. ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याला काय लिहिता ते सांगू का मी?"  

सोफी गेली, निसीम. डिसेंबरच्या सहा तारखेला. तुला कळवायला हवं होतं. तिला इथल्या वाळूत ठेवलं. तिच्या मातीला आलेली माणसं चांगली होती, पण सोफीला ओळखणारं त्यांत कोणी नव्हतं.

आता खरं लिहितो. तो म्हातारा मीच. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात एकदा मला चौथऱ्यावर उभं केलं. माझी चाल ऐकून पोरं हसली, मोठे एकमेकांकडे बघायला लागले. पुन्हा बोलावलं नाही. पुढे शमाश मेला. मी म्हटलं, मी करतो. घरी बसवेना म्हणून म्हटलं. आता पुस्तकं मांडतो, बाकं पुसतो, हज्जानाच्या शेजारी उभा राहतो. तो तिशीचा आहे. वाईट नाही. पण मला हवं तेव्हा नुसती बोटं वाजवतो. पहिल्यांदा वाजवली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला वाटलं. मग आठवलं, मीसुद्धा तुला 'अरे' म्हणायचो. चोवीस वर्षांत चारचौघांत तुला निसीम म्हटलेलं मला आठवत नाही. पुस्तकाच्या पानांवरून बोललो होतो, तेही आठवतं. पान तू बरोबर उघडलं होतंस. चुकलो मी होतो.

मी आता परत येत नाही. सोफीला इथे टाकून कसा येऊ? आणि खरं सांगायचं तर, येऊन कोणत्या तोंडानं चौथऱ्यावर चढू?

तूच ये. तुझं तिथे कोण आहे? माझ्याकडे दीड खोली आहे. इकडे माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या कचेरीत अर्ज केलास तर सहा महिन्यांत होतं. संध्याकाळी दोघं मिळून दिवे लावू. मला बोलायला माणूस नाही रे. मराठी बोलून मला किती दिवस झाले ते मला सांगता येणार नाही.

नाथन


बेर्शेबा
८ जुलै १९६२

निसीम,

चार महिने झाले, तुझी ओळ नाही. रागावलास ते बरोबर आहे. पण रागाचं तरी लिही. अर्ज केलास का? वरच्या मजल्यावरच्या बाईला मी सांगून ठेवलंय की माझा भाऊ येणार आहे. दुसरं काय सांगणार? इथल्या भाषेत तुला काय म्हणावं ते मला येत नाही, आणि मराठीतही कधी विचार केला नव्हता.

नाथन


पनवेल
१० ऑक्टोबर १९६२

नाथनदादा,
शालोम.

पत्राला सात महिने लावले. माफ करा म्हणत नाही, कारण मी खरंच रागावलो होतो. तुमच्या शमाश होण्याचा राग नाही. 'पुढल्या वर्षी येतो' याचा राग. त्या एका वाक्यावर मी मुकादमांशी भांडलो, भामाला बोललो, रोज पोष्टात गेलो. पोष्टमास्तर लांबूनच मान हलवायला लागला होता. तुम्ही येणार नाही हे तुम्हांला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. फार वाईट वाटलं, दादा.

वहिनींचं वाचून मशिदीत गेलो आणि एकटाच बसलो. दहा नसताना मोठ्यानं म्हणता येत नाही ते मनात म्हटलं. त्यांनी दर सणाला माझ्यासाठी नारळाच्या दुधाची खीर बाजूला ठेवली. हेप्झिबा गेली तेव्हा सात दिवस माझा डबा त्यांच्याकडून आला. मला त्यांच्या मातीला यायला मिळालं नाही.

चौथऱ्यावर उभा राहिलो ते खरं. मुकादम म्हणाले, तू नाही म्हणालास तर दार बंद ठेवावं लागेल. मुंबईहून कोणी यायला तयार नव्हता. मी तुमच्या उभं राहायच्या ठिकाणी उभा राहिलो नाही, हातभर डावीकडे राहिलो. तुम्हांला लिहायची छाती झाली नाही. तुम्ही 'परक्याचं काही वाटत नाही' लिहिलंत, म्हणून परका झालो.

राग मेअखेर उतरला. तुमचं 'मला बोलायला माणूस नाही रे' हे वाक्य वाचलं की उतरायचा. जूनमध्ये मुंबईला जाऊन कचेरीत अर्ज दिला. डॉक्टरनं छाती तपासली, फोटो काढले. फोटोत मी तुमच्या वडिलांसारखा दिसतो. धंद्याच्या रकान्यात कारकुनानं विचारलं तेव्हा म्हटलं, तुम्हांला हवं ते लिहा. तुम्हांला मुद्दाम कळवलं नाही. म्हटलं, तारीख हातात आली की एकदमच कळवावं, म्हणजे माझं 'येतो' तुमच्यासारखं व्हायला नको. ऑगस्टमध्ये मंजुरीचा कागद आला. नोव्हेंबरच्या बोटीचा. भांडी भामाला दिली, पलंग मुकादमांच्या जावयाला. भामा म्हणाली, "जावा बाबा. तुमचा मानूस तिकरं हाय." आणि पाठ फिरवून कितीतरी वेळ चूल सारवत बसली. तिला शेवटपर्यंत भामाच म्हणालो.

ठरवलं होतं, दारफाळणीचा सण इथे करायचा, किल्ल्या मुकादमांकडे द्यायच्या आणि निघायचं. मनातून मी कधीच बोटीत बसलो होतो. तिथल्या म्हाताऱ्याला काय काय शिकवायचं याची यादीसुद्धा केली होती.

परवा सोमवारी सण झाला. आदल्या संध्याकाळी दिवे लावून मी दाराशी उभा राहिलो. आपण माणसं आकड्यांनी मोजत नाही, म्हणून मी ते दहा शब्दांचं वचन म्हणत एकेकाकडे बघत गेलो, एका माणसाला एक शब्द. नववा शब्द झाला आणि माणसं संपली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा नऊ. सूर्य बुडायला आला. मी टोपी सावरून बाहेर पळालो. पेणहून एक पाहुणा आल्याचं ऐकलं होतं, तो दुपारच्याच एस.टी.नं गेला होता. तळ्याच्या पाळीपर्यंत जाऊन आलो. आपल्यातलं कोणी दिसलं नाही. परत येईतो अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. मला रडू यायला लागलं, दादा, छप्पन्न वर्षांच्या माणसाला. म्हटलं, माझ्या हातून हे दार बंद व्हायचं होतं.

मुकादम बाकावर शांत बसून होते. म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "नऊच आहेत." ते म्हणाले, "माझ्यासमोर म्हण बघू." मी वचन म्हणत एकेकाकडे बघितलं. नऊ शब्दांना नऊ माणसं झाली. दहावा शब्द तोंडात तसाच राहिला. मुकादम माझ्याकडे बघत होते. सगळेच माझ्याकडे बघत होते.

मग दहावा शब्द स्वतःसाठी म्हणून मी चौथऱ्यावर चढलो आणि प्रार्थना सुरू केली. यंदा तुमच्या जागेवरच उभा राहिलो. ती अर्धी ओळ यंदाही गाळली. कोणी बोट ठेवून शोधलं नाही, कारण सगळे आपलेच होते.

काल, सणाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला मुंबईला जाऊन मंजुरीचा कागद परत देऊन आलो. कारकून म्हणाला, पुन्हा सहजासहजी मिळायचा नाही. म्हटलं, माहीत आहे. येताना धरमतरच्या बाजूनं ढग आले होते आणि बोटीच्या भोंग्यासारखं काहीतरी ऐकू आलं, तेव्हा मी वळून बघितलं. घरी पलंग नाही, जमिनीवर चटई टाकून हे लिहितो आहे.

वरच्या मजल्यावरच्या बाईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. भाऊ यायला निघाला होता, इतकं तिला जरूर सांगा. मला तुमच्या शेजारी बसायचं होतं, दादा. खूप बसायचं होतं. पण मी येत नाही. मी तिकडे आलो, तर इथे नऊच राहतात.

निसीम